तळातला नग

अनंतराव तांबवेकरांची सही एके काळी लांबून ओळखू यायची. मद्रासेत चाळीस वर्षं काढली, तमिळ घरच्यासारखं बोलू लागले, पण सही मराठीतच. टपोरं अक्षर आणि खाली एक आडवी रेघ, वावरात नांगराचं पहिलं तास पडावं तशी सरळ. मद्रासेजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं ती सही रणगाड्यांच्या सुट्या भागांच्या कागदांवर पडली, आणि ती पडल्याशिवाय एकही नग आत गेला नाही.

२००२ च्या नोव्हेंबरात ते पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. कारकुनाने कागद पाहिला, जुना नमुना पाहिला, मान हलवली. "सार, ही सही तुमची नाही." अनंतराव त्याच्या समोर उभे होते. कपाळाला गंध, कडक इस्त्रीचा सदरा, खिशात पेन. कागदावरची सही मात्र मुंगीएवढी झाली होती. अक्षरं एकमेकांना चिकटून कोपऱ्यात जाऊन बसली होती. त्यांनी तीन वेळा परत सही केली. प्रत्येक वेळी ती आणखी बारीक झाली.

"जिवंत माणूस समोर उभा आहे आणि तो म्हणतो तुम्ही तुम्ही नाहीच," ही गोष्ट ते पुढे मला कितीदा तरी सांगत. सांगताना हसत नसत. पुढे पुढे त्यांना हसताच येईनासं झालं. चेहऱ्यावरचं हसू त्या रोगाने आधी नेलं, हातापायांकडे तो नंतर वळला.

माझी त्यांची ओळख २००४ सालची. माझा मुलगा मंदार मद्रासेत वेलचेरीला संगणकाच्या कंपनीत लागला आणि मी गाव सोडून त्याच्या फ्लॅटात राहायला आलो. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद घेताना शेजारच्या माणसाच्या हातातला द्रोण थरथरत होता. मी खालून हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"विळ्याचा हात आहे," ते म्हणाले. "गाव कुठलं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचं तांबवे कोयनेच्या या काठाला, माझं गाव त्या काठाला. एवढ्या लांबच्या मुलखात तेवढं नातं पुष्कळ होतं. त्यानंतर दर बुधवारी मी शेअर ऑटो आणि बस करून वेस्ट मांबलमला जाऊ लागलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. दारात कुमुदवहिनींची तांदळाच्या पिठाची कोलम रांगोळी. आत गेलं की स्टीलच्या पेल्यात, खाली पसरट डबरा, अशी कॉफी. त्यांचा मुलगा सातासमुद्रापार होता, फोटोतून बघायचा.

अनंतराव कारखान्यात तपासणी विभागात चार्जमन होते. बाहेरचे ठेकेदार माल पाठवायचे. लाकडी खोकी, खोक्यात भुशात ठेवलेले नग. ठेकेदाराची रीत सगळीकडे सारखी. चांगले, चकचकीत नग वरच्या थरात. साहेब येणार, वरचे दोन उचलणार, मापणार, सही करणार. अनंतराव खोक्यापाशी गेले की बाही कोपरापर्यंत सारायचे, हात भुशात खोल घालायचे आणि तळातला नग बाहेर काढायचे. मग मायक्रोमीटर. त्याआधी मायक्रोमीटरचं तोंड पूर्ण मिटून शून्य बघायचं. शून्य बरोबर असेल तरच पुढचं माप खरं. नग चुकला तर त्यावर लाल खडूची फुली, आणि अख्खा लॉट परत.

"वरचा थर बघून सही करणारा तपासनीस आणि तोंड बघून पोरगी देणारा बाप, दोघंही एकाच जातीचे," असं ते म्हणत.

कुमुदवहिनी आतून म्हणत, "माझ्या बापाने तुमचं तोंडच बघितलं होतं. म्हणून फसला."

त्या घरात असं बोलणं दिवसभर चालायचं. दोघांच्या त्या बोलण्यावरच घर उभं होतं असं मला वाटे.

रोग वाढत गेला. गोळी घेतली की चाळीसेक मिनिटांनी अनंतराव माणसात येत. तीनेक तास बरे जात. मग गोळी उतरायची आणि देह पुन्हा लाकूड व्हायचा. गोळी उतरलेली मी त्या काळात एकदाच पाहिली. सकाळचे दहा वाजले होते, काही कारणाने गोळीला उशीर झालेला. ते न्हाणीच्या उंबऱ्यापाशी उभे होते आणि त्यांचा पाय उचलत नव्हता. डोळे उंबऱ्यावर, तोंडातून लाळेची तार, सदऱ्याच्या गुंड्या उघड्या. वहिनींनी वाकून उंबऱ्यापुढे पांढऱ्या पिठाची आडवी रेघ ओढली. ती रेघ ओलांडायची म्हणून पाय उचलला गेला. असल्या रेघा न्हाणीपासून पलंगापर्यंत हातभर अंतरावर ओढलेल्या होत्या. दारातली रांगोळी लक्ष्मीसाठी आणि आतली नवऱ्याच्या पावलासाठी. अनंतरावांनी मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी कॉफी न घेता परत फिरलो. त्यानंतर मी नेहमी अकराच्या पुढेच जाऊ लागलो. ते आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं.

रेघांची युक्ती क्लिनिकातल्या सुंदरीने शिकवलेली. दर मंगळवारी एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत पार्किन्सनचं क्लिनिक भरायचं. एकाच छताखाली सगळे. मेंदूचे डॉक्टर गुरुमूर्ती, व्यायामाची सुंदरी, बोलणं सुधारणारी विजयालक्ष्मी. शिवाय आहाराची एक बाई, मनाचा डॉक्टर, शस्त्रक्रियेचा डॉक्टर. त्याला ते 'टीम' म्हणत. भिंतीवर सहा जणांचा हसरा फोटो होता. माणसाने एका दारातून आत जायचं, पाय एका खोलीत दाखवायचे, घसा दुसऱ्या खोलीत, काय खाल्लं ते तिसरीत सांगायचं. प्रत्येक खोलीत वेगळा कागद. शेवटी सगळे कागद एका निळ्या फाइलीत. माणसं वाईट नव्हती. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. सुंदरी तर त्यांचा हात धरून चालताना तमिळ गाणं म्हणायची, ताल धरला की पाऊल पडतं म्हणून.

विजयालक्ष्मी तंजावरकडची मराठी. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातली. तिची मराठी जुन्या पत्रांसारखी होती, मधेमधे तमिळ हेल.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, आमची बोली ऐकून तुम्हांस हासूं येईल. परवाइल्लै, चिंता नाहीं, हासा. हासणें घशास बरें."

अनंतराव तिच्यावर खूश झाले. मंगळवारी सकाळी ते धोबीघडीचा सदरा काढायला सांगत आणि गोळी अशा हिशोबाने घेत की क्लिनिकाच्या पायरीवर पाय ठेवताना ती ऐन भरात असावी. कधी एक गोळी जास्तही घेत.

"डॉक्टरकडे चाललाय की मुलगी बघायला?" वहिनी म्हणत. "घरी कसे असता ते दाखवा ना त्यांना!"

"साहेबापुढे जायचं म्हणजे पाऊल धड पडायला नको? तिथे आपल्या भाषेची पोर आहे."

"आणि रात्री कूस बदलायला मला उठवता, ते कुठल्या भाषेत सांगू?"

वहिनींनी एकदा मनाच्या डॉक्टरला सांगितलं होतं की हे घरी निम्मा दिवस दगडासारखे पडून असतात. त्याने बाहेर बसलेल्या अनंतरावांकडे पाहिलं. ते ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्याने वहिनींच्या नावाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांनाच झोपेची गोळी दिली. ही गोष्ट त्या हसत सांगत, पण ती गोळी मात्र त्यांनी फडताळात तशीच ठेवली होती.

२००६ च्या जूनमध्ये गुरुमूर्तींनी शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. मेंदूत दोन बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. सगळं बरं होणार नाही, पण गोळीने जे तीन तास मिळतात ते दिवसभर मिळतील. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसत होता. अट वयाची होती. सत्तरीनंतर ते क्लिनिक शस्त्रक्रिया करत नसे, आणि अनंतरावांना सत्तर पुढच्या फेब्रुवारीत लागणार होतं. दुसरी अट चाचणीची.

त्या दिवशी वहिनींबरोबर मीही गेलो होतो. गुरुमूर्तींनी सावकाश समजावलं, विजयालक्ष्मीने माझ्यासाठी मराठी केलं. आदल्या रात्री दहानंतर गोळी घ्यायची नाही. सकाळी नऊला जसे असाल तसे यायचं. उचलून आणावं लागलं तरी चालेल. टीम तपासेल, आकडा मांडेल, व्हिडिओ घेईल. मग मोठी गोळी देतील आणि तासाभराने परत तेच सगळं. दोन आकड्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरक पडला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होईल. नाही पडला, तर नाही.

"म्हणजे आधी शून्य बघायचं," अनंतराव म्हणाले.

विजयालक्ष्मीने ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर प्रसन्न झाले. "करेक्ट! तुम्ही अगदी बरोबर समजलात."

परत येताना गोळी उतरत होती, तरी अनंतराव टॅक्सीत खूप बोलले. दिवसभर हात थांबला तर पहिल्यांदा काय करायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. स्वतःची दाढी स्वतः करायची, आणि नोव्हेंबरात बँकेत जाऊन त्या कारकुनासमोर सही करायची. वहिनी म्हणाल्या, "माझ्यासाठी एकच करा. रात्री एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर आपले आपण वळा." ते म्हणाले, "वळीन." तो शब्द मी ऐकला आहे.

चाचणी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी होती. साडेआठला मी मांबलमला पोचलो. खाली टॅक्सी उभी. वॉचमन व्यंकट आणि इस्त्रीवाला, दोघं एक लाकडी खुर्ची घेऊन जिन्यात तयार. खुर्चीला दोरी बांधलेली. दोन मजल्यांच्या दारांतून शेजारच्या बायका बघत होत्या, मायेनेच बघत होत्या. काल रात्रीपासून गोळी नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

दार उघडलं आणि अनंतराव स्वतः बाहेर आले. सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या. कपाळावर गंध. एक हात कठड्यावर.

"खुर्ची ठेव बाजूला," ते व्यंकटला तमिळमध्ये म्हणाले. "मी काय नवरदेव आहे?"

व्यंकट हसला. "सार, मेदुवा, मेदुवा," असं हळू उतरायला सांगत तो मागे सरला. अनंतराव एकेक पायरी उतरले. बायकांपैकी एकीने हात जोडले. देवाचीच कृपा, ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "वा, अनंतराव!"

हे मी म्हणालो. न्हाणीच्या उंबऱ्यावर अडलेला तो माणूस मी पाहिला होता. गोळीशिवाय त्याच्या बोटांना गुंडी लागत नाही हे मला माहीत होतं.  मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या कुलूप लावत होत्या आणि कुलूप लावायला त्यांना फार वेळ लागला.

क्लिनिकात टेबलावर एक छापील कागद होता. आदल्या रात्रीपासून पार्किन्सनचं कुठलंही औषध घेतलेलं नाही, असं त्यावर लिहिलेलं. अनंतरावांनी पेन मागितलं आणि सही केली.

मग तपासणी. सुंदरीने लांब ओसरीत चालायला लावलं, हातात घड्याळ. ते चालले. गुरुमूर्तींनी चिमूट उघड-मीट करायला सांगितली. केली. विजयालक्ष्मीने एक उतारा वाचायला दिला, आवाज यंत्रात भरला. कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा. अनंतराव कॅमेऱ्याकडे बघत होते, लग्नाच्या फोटोत बघतात तसे.

मला वाटत होतं आता कुणीतरी म्हणेल. काचेपलीकडे मी सुंदरीचा चेहरा बघत होतो. ती आनंदली होती. महिनाभर तिने शिकवलेला ताल, त्या रेघा, बघा कसे फळाला आले! तिने तसंच लिहिलं. विजयालक्ष्मीला आवाज मोठा वाटला. तिने रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, त्याचंच हे. आहाराच्या बाईने सकाळची डाळ बंद केली होती. प्रत्येकीला आपली मेहनत दिसली. सहाही जण शहाणे, शिकलेले, आणि त्या दिवशी सहाही जण खूश होते. भुशात हात घालावा असं एकालाही वाटलं नाही.

मग मोठी गोळी दिली. तासाभराने पुन्हा सगळं केलं. थोडा फरक पडला. पडला, पण थोडाच.

आठवड्याने पत्र आलं. औषधाने पडणारा फरक पुरेसा नाही, शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता कमी, सबब टीमच्या मते रुग्ण योग्य नाही. खाली सहा सह्या.

बुधवारी मी गेलो तेव्हा पत्र जेवणाच्या टेबलावर होतं आणि त्याच्या शेजारी अनंतरावांच्या चष्म्याचं घर. वहिनींनी ते माझ्यासमोर उघडलं. मखमलीच्या अस्तराखाली पिवळ्या गोळ्यांची भुकटी लागली होती.

"आदल्या संध्याकाळी हात चालत होते तेव्हाच भरून ठेवल्या," त्या म्हणाल्या. "पाकीट मी रात्री कुलपात ठेवणार हे यांना ठाऊक होतं, म्हणून आधीच दोन काढून घेतल्या. सकाळी मी दूध बघायला गेले आणि यांनी पाण्याशिवाय गिळल्या. बत्तीस वर्षं लोकांच्या खोक्यांत हात घातलात ना हो तुम्ही?"

अनंतराव खिडकीकडे बघत होते. गोळी चढलेली होती, बोलता येत होतं.

"त्या दोरीच्या खुर्चीत बसून," ते म्हणाले, "लाळ गाळत, त्या पोरीपुढे? आणि फोटो काढणार. तो फोटो कायमचा राहिला असता. परीक्षेला कुणी अभ्यास न करता जातं का?"

"परीक्षा तुमची नव्हती! गोळीची होती."

त्यांनी टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं. म्हणाले, "मी शून्यच खोटं दिलं." आवाज अगदी खाली. मग माझ्याकडे वळले. "मालोजीराव, तुम्हांला जिन्यातच कळलं होतं."

मी खोटं बोलू शकलो नाही. मान खाली घातली.

"मलाही कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "गुंड्या लावलेल्या बघितल्या तेव्हाच. पण दारात ते दोघे खुर्ची घेऊन उभे. त्यांच्यापुढे नवऱ्याला खोटारडा म्हणू? आणि खरं सांगू का भावजी, त्या सकाळी मला गुंड्या लावाव्या लागल्या नाहीत. तेवढंच बरं वाटलं. तेवढ्यावर मी गप्प बसले."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शेजारच्या घरातून विजयालक्ष्मीला फोन केला. नवऱ्याने गोळी घेतली असं परक्याला सांगायला जीभ उचलेना. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशीचं माप मला बरोबर वाटत नाही. त्यांना एकदा विचारून बघा." पोरीला कळलं असावं. पुढच्या मंगळवारी टीमने वेगळा वेळ काढून बोलावलं. एवढं तरी त्यांनी केलं.

सहा खुर्च्या एका बाजूला, समोर अनंतराव, मागे आम्ही दोघं. गुरुमूर्तींनी सरळ सांगितलं. चाचणीच्या सकाळी गोळी घेतली गेली असेल तर चाचणी रद्द, येत्या आठवड्यात परत घेऊ, फेब्रुवारीच्या आत सगळं बसवू. घेतली नसेल तर निर्णय कायम. कुणी रागावणार नाही. पुष्कळ जण घेतात. मग हळूच म्हणाले, हे विजयालक्ष्मी विचारेल, तुमच्या भाषेत, म्हणजे मोकळं वाटेल.

डॉक्टरांनी ते भल्यासाठीच केलं. स्वतः तमिळमध्ये विचारलं असतं तर अनंतराव बोलले असते असं मला आजही वाटतं. तमिळ त्यांची कारखान्यातली भाषा होती. तीत ते माल नाकारायचे, चूक कबूल करायचे, भांडायचे. पण ती पोर खुर्ची पुढे ओढून, त्यांच्या गुडघ्याजवळ वाकून, घरातल्या बोलीत विचारू लागली.

"मामा, त्या दिवशीं सकाळीं गोळी घेतलीत कीं? सांगा हो. आम्हांस सांगा. कांहीं नाहीं होत."

खोलीत पंखा फिरत होता. वहिनींनी माझ्या मनगटावर बोटं रुतवली.

अनंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

"नाही," ते म्हणाले. "मी खोटी सही करत नाही, बाळ."

विजयालक्ष्मीने खुर्ची मागे घेतली. मग तिने डॉक्टरांना सांगितलं. गुरुमूर्तींनी वहिनींकडे पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं. वहिनींच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसला. त्यांनी नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं, मागून दिसत होती ती, ताठ धरलेली. शब्द त्यांनी गिळला. माझ्याकडे कुणी वळलं नाही, आणि मी होऊन उठलो नाही. निळी फाइल मिटली.

टॅक्सी मांबलमच्या भुयारी रस्त्याशी अडकली तेव्हा वहिनी बोलल्या.

"बँकेत जिवंत माणसाला नाकारलं म्हणून चार वर्षं चिडलात. आज तुम्हीच नाकारलंत. आणि बरोबर मलाही. तुमच्याबरोबर रात्री मीच वळते, हे लक्षात ठेवा."

 अनंतरावांची गोळी उतरत आली होती. मान आपोआप छातीकडे कलत होती. घरी पोचल्यावर व्यंकटने तीच खुर्ची आणली, दोरीची. शेजारच्या बायका दारांत उभ्या होत्या. अनंतरावांना त्यांच्यासमोरून उचलून वर नेलं. जे टाळायला सगळं केलं, ते दोन आठवड्यांतच घडलं.

फेब्रुवारीत त्यांना सत्तर लागलं. वहिनींनी शिरा केला. तो त्यांच्या घशात अडकला, तेव्हापासून खाणं पातळ. गोळीचे तीन तासांचे दोन झाले, मग एक. पिठाच्या रेघा ओढायचं बंद झालं, कारण पावलंच बंद झाली. क्लिनिकात जाणंही सुटलं. विजयालक्ष्मी दोनदा घरी येऊन गेली, मोसंबी घेऊन. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ती त्यांच्या पायाला हात लावून गेली.

२००८ च्या पावसाळ्यानंतर एका बुधवारी मी गेलो. दुपारचे तीन. वहिनींनी क्लिनिकातून सगळ्या कागदांच्या नकला आणवल्या होत्या, दुसरीकडे कुठे दाखवायला. त्या पलंगावर पसरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "हे बघा."

दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक जूनमधला, चाचणीला संमती दिल्याचा. सगळ्या खोल्यांतून फिरून शेवटी, दुपारी, गोळी उतरताना केलेली सही. मुंगीएवढी, कोपऱ्यात. दुसरा चाचणीच्या सकाळचा, औषध घेतलेलं नाही असं सांगणारा. त्यावर अनंतराव तांबवेकर, टपोरं अक्षर, खाली नांगराच्या तासासारखी सरळ रेघ. कारखान्यातल्या सहीची जुळी.

दोन्ही कागद एकाच निळ्या फाइलीत, एकावर एक. सहा जणांच्या हातांतून गेलेले. दोन्ही समोर धरले असते तर दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.

"सही सांगत होती," वहिनी म्हणाल्या. "तोंडाने नाही म्हणाले, पण सही बोंबलून सांगत होती. कुणी वाचली नाही."

अनंतराव आमच्याकडे बघत होते. ओठ हलले. आवाज आता असा होता की कान तोंडाला लावावा लागे. मी वाकलो.

"खडू," ते म्हणाले. "लाल."

लाल खडू घरात कुठून असणार? वहिनींनी वाण्याच्या हिशोबाची तांबडी पेन्सिल आणली, त्यांच्या बोटांत बसवली, बोटांवर आपली बोटं धरली. अनंतरावांनी डोळ्यांनी सांगितलं, सोडा. वहिनींनी हात काढला. मी तो दुसरा कागद फळीवर धरून पुढे केला.

पुष्कळ वेळ लागला. खाली इस्त्रीवाल्याचा कोळशाचा धूर वर येत होता. पेन्सिल दोनदा गळली, दोनदा मी उचलून दिली. शेवटी त्या मोठ्या सहीच्या अंगावर एक तिरकी रेघ आली आणि तिच्यावर दुसरी. फुली झाली, पण मोहरीएवढी. दुरून ती डाग वाटली असती.

तपासनीसाने आपला नग नाकारला होता. ऐकून घ्यायला समोर टीम नव्हती, वय उलटून दीड वर्ष झालं होतं.

वहिनींनी कागद उचलून उजेडात धरला, बघितला.

"आता केलीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मग मला म्हणाल्या, "भावजी, खांद्याला हात लावा. कूस बदलायची वेळ झाली." आम्ही दोघांनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवलं.